समोरून जांभळी ढाल

ट्रॉय, मिशिगन येथील पंचसरोवर महाराष्ट्र मंडळाला २००६ सालच्या मार्च महिन्यात असं आढळून आलं की आपल्याला ढाल नाही. तेवीस वर्षं मंडळ ढालीशिवाय चाललं होतं. गणपती बसत होते, उठत होते, दिवाळीच्या चकल्या दरवर्षी मऊ पडत होत्या आणि कुणालाही कसलीही उणीव भासली नव्हती. पण त्या मार्चमध्ये हेरिटेज परेडच्या समितीकडून पत्र आलं. सप्टेंबरातल्या मिरवणुकीत स्कॉटिश, पोलिश आणि इटालियन क्लबांबरोबर आपलं मंडळही चाललं तर आनंद होईल, असं त्यात म्हटलं होतं. सोबत एकपानी फॉर्म होता. त्यातला चौथा रकाना असा होता: 'आपल्या मानचिन्हाची ढाल. वर्णन व मुख्य रंग.'

मंडळाचे अध्यक्ष केळशीकर काका हे फॉर्ममधला रकाना रिकामा सोडणाऱ्यांपैकी नव्हते. एकोणऐंशी साली इमिग्रेशनच्या कागदावर 'असल्यास टोपणनाव' असं विचारलं होतं, तिथेही त्यांनी 'बाळू' लिहिलं होतं. त्यांनी ताबडतोब कार्यकारिणी बोलावली.

कार्यकारिणी म्हणजे तिघं. स्वतः काका, उपाध्यक्ष मृणालिनीकाकू दिवेकर, ज्या ट्रॉयमध्ये पहिली कोथिंबीर आपण उगवली असं सांगत, आणि सचिव सिद्धेश आठल्ये, पुण्याचा, आयटीतला, ज्याचं ग्रीन कार्ड सहा वर्षं येऊ घातलेलं होतं. या वेळी चौथीला बोलावणं गेलं ते सुजाताला, कारण प्रश्न रंगाचा होता.

सुजाता नागपूरची, मोटारींचे रंग बनवणाऱ्या कंपनीत केमिस्ट. गाडीचं दार बदलल्यावर जुन्या आणि नव्या रंगात जो फरक मालकाला जन्मात कळत नाही, तो तिला पार्किंग लॉटमध्ये पन्नास फुटांवरून दिसायचा आणि दिवसभर खुपायचा. मंडळात ती चार वर्षं होती आणि चार वर्षं तिच्याकडे एकच काम होतं: कार्यक्रमाच्या दारात टेबलाशी बसून येणाऱ्यांना नावाचे स्टिकर देणं. लोक स्टिकर लावून आत जात. नाटक सुरू झालं की तीही आत जाई आणि मागच्या रांगेत बसे. त्यामुळे काकांचा फोन आला तेव्हा तिला आनंद झाला. अगदी मनापासून झाला. आपल्याला जे येतं तेच कुणीतरी मागावं, याचं अप्रूप परदेशात जास्तच असतं.

रविवारी दुपारी केळशीकरांच्या बेसमेंटमध्ये सभा भरली. सुजातानं लॅबमधून रंगवलेल्या पत्र्याच्या बारा पट्ट्या आणल्या होत्या. तिनं त्या पिंगपाँगच्या टेबलावर नीट मांडल्या आणि त्यातली एक उचलली.

"मला वाटतं निळा," ती म्हणाली. "मंडळाचं नावच पंचसरोवर आहे. पाच तळी, पाच निळ्या लाटा. सोपं आणि लांबून ओळखू येणारं."

यावर शांतता पसरली. वड्याच्या बशीवरून काकूंचा हात मागे आला. सिद्धेशनं लॅपटॉप उघडला, ज्यात पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

"छान आहे गं," काकू अखेर म्हणाल्या. "रंग म्हणून छानच आहे. पण जरा... तिकडे त्याचा वेगळा अर्थ होतो ना."

"कोणता, काकू?"

"म्हणजे आमचं तसं काही नाही हं. आम्ही मुळीच नाही मानत. पण चौदा एप्रिलला वगैरे ते झेंडे... उगाच एखाद्या ग्रुपचा वाटेल."

ही शांतता सुजाताच्या ओळखीची होती. ती पहिल्यांदा तिला नागपुरात कॉलेजच्या कँटीनमध्ये भेटली होती आणि मग पुण्यात खोली शोधताना दर दुसऱ्या दारात भेटली. तिथल्या मालकीणबाई 'आडनाव? गाव?' असं विचारत आणि मग खोली नुकतीच गेल्याचं त्यांना आठवे. इथे आडनाव विचारण्याची सोय नव्हती. पंचसरोवर मंडळ जातपात मानत नव्हतं. घटनेच्या तिसऱ्याच कलमात तसं छापलं होतं. त्यामुळे विचारता येत नव्हतं, आणि विचारल्याशिवाय राहवत नव्हतं. सभासदांच्या यादीत तिची नोंद 'सुजाता रवी' एवढीच होती, कारण चार वर्षांपूर्वी फॉर्म भरताना तिच्या नवऱ्यानं, रवीनं, आडनावाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं. सिद्धेशनं ही यादी त्या दुपारी टेबलाखाली उघडून पाहिली आणि निराश होऊन बंद केली.

आता खरी अडचण उभी राहिली. निळा नाकारला होता. पण एकटा निळाच नाकारला तर तो निळा असल्यामुळे नाकारला असं दिसलं असतं आणि मंडळाच्या तिसऱ्या कलमाला बाध आला असता. म्हणून न्यायाच्या दृष्टीनं बाकीचे रंगही नाकारणं क्रमप्राप्त झालं.

भगव्यापासून सुरुवात झाली. इथे केशरी जाकीट रस्ता खणणारे आणि तुरुंगातले लोक घालतात, हे काकांनी जड अंतःकरणानं निदर्शनास आणलं. लाल कम्युनिस्टांचा. पांढरा शोकाचा, शिवाय लढाईत हरल्यावर दाखवायचा. काळा संक्रांतीपुरता ठीक. पिवळ्यावर शाळेच्या बसचा हक्क. हिरव्यापाशी पुन्हा तीच शांतता पसरू लागली होती, पण सिद्धेशनं प्रसंग सावरला.

"ग्रीन नको यार," तो म्हणाला. "ग्रीन म्हटलं की मला ते कार्डच आठवतं. बीपी वाढतं."

तपकिरी आपण आहोतच, तो वेगळा दाखवण्याची गरज नाही, असं मत पडलं. राखाडी, गुलाबी आणि उरलेले सगळे एका ठरावात गेले. शेवटी टेबलावर एकच पट्टी राहिली, जांभळी. सर्वांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. महाराष्ट्रात जांभळा झेंडा कुणाचा नाही. जांभळा पक्ष नाही, पंथ नाही, मठ नाही, मोर्चा नाही. जांभळं म्हणून एक फळ आहे आणि एक वांगं. तेही भरलं आणि शिजवलं की रंग सोडतं.

"निष्कलंक रंग आहे," केळशीकर काका म्हणाले, आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

मेच्या पहिल्या रविवारी श्री. व्हिटलॉक यांना पाचारण करण्यात आलं. हे शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले शहात्तर वर्षांचे गृहस्थ. ढालींच्या शास्त्राचा त्यांना चाळीस वर्षांचा नाद होता आणि या चाळीस वर्षांत त्यांना कुणीही घरी बोलावून त्याबद्दल विचारलं नव्हतं. ते बो टाय लावून आले, वडा सुरी-काट्यानं खाल्ला आणि जांभळा हा शब्द ऐकताच त्यांनी काटा खाली ठेवला.

"अरे बापरे," ते इंग्रजीत म्हणाले.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. ढालीवर पाच रंग चालतात आणि दोन धातू, सोनं आणि चांदी. रंगावर रंग ठेवायचा नाही, धातूवर धातू ठेवायचा नाही. रंगावर धातू किंवा धातूवर रंग, एवढंच. यातला जांभळा हा मोठा दुर्मीळ आणि संशयास्पद. त्याला रंगांच्या पंगतीत घ्यावं की नाही, यावर पंडितांचा शतकानुशतकं वाद झाला आहे. काही म्हणतात, तो रंगही नाही आणि धातूही नाही, मधलाच कुणीतरी. काही जुन्या ढालींवरचा जांभळा तर मुळात चांदी होती आणि काळवंडून तशी झाली, असंही सांगतात.

"म्हणजे स्टेटस पेंडिंग आहे," सिद्धेश म्हणाला, आणि त्या क्षणापासून त्याला जांभळ्याबद्दल आत्मीयता वाटू लागली.

"छटा कोणती घ्यायची?" सुजातानं विचारलं.

"कोणतीही," व्हिटलॉक म्हणाले. "वांग्यापासून तुतीपर्यंत. ढालीत शब्द महत्त्वाचा. जांभळा म्हटलं की जांभळा."

हे शास्त्रोक्त आणि सोयीचं उत्तर होतं. अर्थात कार्यकारिणीनं ते ऐकलं नाही.

जाता जाता व्हिटलॉक यांनी आणखी एक माहिती दिली. काळ्यापांढऱ्या कागदावर रंग दाखवायचा तर रेघा मारतात. जांभळ्याला तिरक्या रेघा, निळ्याला आडव्या. सुजातानं फॉर्मवर ढाल काढली, तीत सोनेरी तुतारी घातली आणि मागे पट्टीनं तिरक्या रेघा मारल्या. काकांनी तो कागद हातात घेऊन सहज थोडा कलता केला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, हा कागद वाकडा धरला तर निळा होतोय!"

तिघांनीही तो आळीपाळीनं कलता करून पाहिला. खरोखरच होत होता. तेव्हा फॉर्मच्या तळाशी सचिवांच्या सहीनं एक टीप टंकलिखित करण्यात आली: 'कृपया कागद सरळ धरावा.'

एवढ्यावर भागलं असतं. पण काकू घरी गेल्या, रात्रभर विचार केला आणि सकाळी सुजाताला तिच्या लॅबमध्ये फोन केला.

"मला एक सांग, जांभळा करतात कसा?"

"तांबड्यात निळा मिसळून, काकू."

काकूंनी कागद-पेन ओढल्याचा आवाज फोनवर आला.

"निळा किती?"

"साधारण निम्मा."

"निम्मा!" काकू म्हणाल्या. "अगं, ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो म्हणतात. इथे तर वाणच लागतोय!"

तातडीची सभा भरली. तो मे महिना होता. भारतात त्या वेळी आरक्षणावरून मोठं आंदोलन पेटलं होतं आणि मंडळाच्या याहू ग्रुपवर मेरिट या विषयावर रोज वीस-पंचवीस ईमेल फिरत होत्या. त्या वातावरणात निळ्याचं प्रमाण किती असावं, ही चर्चा तीन रविवार चालली. सिद्धेशनं सुप्रीम कोर्टाचा दाखला देऊन सांगितलं की पन्नास टक्क्यांच्या वर कुणालाही जाता येत नाही. काकांनी चाळीस सुचवले. काकू पंधरावर अडून बसल्या. एकदा दिलं की मग कमी करता येत नाही, असा त्यांचा अनुभव होता. कुठला, ते त्यांनी सांगितलं नाही.

सुजाता दर रविवारी नवी पट्टी रंगवून आणी. चाळीस टक्क्यांवर रंग राणी कलरकडे झुकला. पंचविसावर जास्वंदीसारखा झाला. पंधरावर झाला तो सरळ कुंकवासारखा तांबडा.

"हा तर लाल दिसतोय," काका म्हणाले.

"निळा काढला की जांभळ्याचा लालच होतो, काका."

"पण लाल आपण नाकारला आहे. ठराव क्रमांक चार."

"मेरिटवर जांभळा होईल असं काही नाही का?" सिद्धेशनं कळवळून विचारलं. "म्हणजे, यू नो, कोट्याशिवाय?"

सुजातानं या प्रश्नाचा केमिस्ट म्हणून विचार केला आणि नाही असं उत्तर दिलं.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा रवी मागच्या अंगणात गवत कापत होता. आठ वर्षांची सोनल पायरीवर बसून लेझीम वाजवत होती; परेडमध्ये मुलांचं लेझीमपथक चालणार होतं आणि ती पहिल्या रांगेत होती. सुजातानं पट्ट्यांची पिशवी पायरीवर टाकली. रवीनं यंत्र बंद केलं.

"सोड ना यार," तो म्हणाला. "त्यांचा उत्साह तेरड्याचा आहे. तू कशाला जीव काढतेस? सांग, जमत नाही म्हणून."

"जमतं मला. तेच तर आहे." ती पायरीवर बसली. "चार वर्षं मी त्यांना नावं चिकटवतेय, रवी. पहिल्यांदा त्यांनी माझं काम मागितलं. आणि आता माझ्याकडूनच करून घेतायत."

"काय करून घेतायत?"

तिनं पिशवीकडे बोट दाखवलं. सोनलनं पिशवीतून पट्ट्या काढल्या, एकेक उन्हात धरून पाहिली आणि पहिल्या दिवसाची पट्टी वर उचलली.

"व्हाय कान्ट इट जस्ट बी ब्लू?" तिनं विचारलं.

 मुलीला काय सांगायचं आणि कधी सांगायचं, हा आईबापांतला जुना विषय होता, आणि आजही त्यांनी तो पुढे ढकलला.

"इट्स अ लाँग स्टोरी," रवी म्हणाला आणि यंत्र सुरू केलं.

चौथ्या रविवारी केळशीकर काकांनी तोडगा आणला. आयुष्यभर अमेरिकन कंपनीत मॅनेजर राहिलेला माणूस. विन-विन शोधल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

"निळ्याला आपला तत्त्वतः विरोध नाही," ते म्हणाले. "कधीच नव्हता. प्रश्न आहे तो मिसळून जाण्याचा. निळा असावा, पण चांगल्यातला असावा. सुसंस्कृत. बाकीच्यांत असा विरघळावा की सांगितल्याशिवाय कळूच नये."

"बरोबर," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी प्रेमानं सुजाताच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आता तुझंच बघ ना. किती छान बोलतेस, किती नीटनेटकी राहतेस. तू तर मुळी वाटतच नाहीस."

"काय वाटत नाही, काकू?"

काकूंनी हात काढून घेतला. "नागपूरची गं," त्या म्हणाल्या. "नागपूरची वाटत नाहीस."

सिद्धेशनं घाईघाईनं ठराव टंकलिखित केला आणि वाचून दाखवला. 'ठराव क्रमांक सतरा. ढालीच्या जांभळ्या रंगात निळ्याचा अंश असणे अपरिहार्य असल्यास, तो समोरून पाहणाऱ्याच्या नजरेस येता कामा नये. तशी तजवीज रंग उपसमितीने करावी.' रंग उपसमिती म्हणजे सुजाता. सर्वांनी हात वर केले. तिनंही केला. मग ठरावाची प्रत मागून घेतली, ती गाडीत बसून दोनदा वाचली आणि 'समोरून' या शब्दाखाली पेन्सिलनं एक बारीक रेघ मारली. त्यानंतर घरी पोचेपर्यंत ती एकटीच हसत होती.

मोटारींच्या रंगात एक प्रकार असतो. त्यात अभ्रकासारखे बारीक पापुद्रे घालतात आणि त्यामुळे रंग पाहणाऱ्याच्या जागेप्रमाणे बदलतो. नाकासमोर उभं राहून पाहिलं तर एक, बाजूला सरकून पाहिलं तर दुसरा. त्या काळी तरुण मुलं असल्या गाड्या मिरवत. सुजाताच्या लॅबमध्ये अशा एका रंगाचा चाचणीसाठी केलेला डबा पडून होता, आणि तिच्या साहेबानं परेडसाठी तो आनंदानं दिला. ढाल म्हणून तिनं भंगारातल्या एका गाडीचं बॉनेट घेतलं, कारण बॉनेटचा आकार मुळातच ढालीसारखा असतो. ऑगस्टमध्ये तीन शनिवार ती आणि रवी गॅरेजमध्ये मास्क लावून फवारणी करत होते. तिनं या कामात जराही कसर ठेवली नाही. पाच थर दिले, मधल्या प्रत्येक थराला घासकाम केलं, तुतारीला सोनेरी मुलामा दिला. इतकं देखणं काम तिनं गिऱ्हाइकासाठीही केलं नव्हतं.

तपासणीसाठी कार्यकारिणी तिच्या गॅरेजमध्ये आली. गॅरेज अरुंद होतं. तिघांना ओळीनं ढालीच्या बरोबर समोर उभं राहण्यापुरतीच जागा होती. ट्यूबलाइट लागला. समोर गर्द, मखमली, पिकल्या जांभळासारखा जांभळा रंग उजळला.

"वा!" काका म्हणाले.

"यात निळा आहे का गं?" काकूंनी विचारलं.

"आहे, काकू. ठराव सतराप्रमाणे."

"दिसत नाही."

"समोरून नाही दिसत."

"अगदी असाच हवा होता," काकू म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. काका म्हणाले, याला म्हणतात इंटिग्रेशन.

परेडचा दिवस लख्ख उन्हाचा उगवला. ढाल रवीच्या पिकअप ट्रकच्या नाकावर उभी बसवली होती. तिच्यापुढे लेझीमपथक, आणि त्याच्याही पुढे उघड्या मोटारीत कार्यकारिणी, ढालीकडे तोंड करून उलटी बसलेली, म्हणजे मिरवणूक डोळे भरून पाहता यावी. काकू जांभळ्या पैठणीत, काका जांभळ्या फेट्यात, सिद्धेश जांभळ्या कुर्त्यात. तिघांनाही सबंध दोन मैल समोर जांभळी ढाल दिसत होती. सबंध ट्रॉय शहरात ती जांभळी दिसत होती ती या तिघांनाच. रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या असलेल्या चार-पाच हजार लोकांना ती बाजूनं दिसत होती आणि ती निळी होती. नुसती निळी नव्हे; उन्हात सरोवर हलावं तशी ती हलत होती.

"लव्ह द ब्लू!" एक बाई ओरडली.

काकूंनी हसून हात हलवला आणि सिद्धेशला विचारलं, "ती काय म्हणतेय?"

"ब्लू म्हणतेय."

"कशाला?"

पुढच्या चौकात दोन म्हातारे तेच ओरडले. मग शाळकरी मुलांची एक रांगच्या रांग ओरडू लागली. सिद्धेशनं मान वाकवून आपला कुर्ता पाहिला, मग काकूंची पैठणी पाहिली.

"या लोकांत कलर ब्लाइंडनेस फार असतो का हो?" त्यानं विचारलं.

सुजाता लेझीमपथकाच्या कडेनं चालत होती. तिला दोन्ही दिसत होतं, ढाल आणि मोटारीतले तीन चेहरे, आणि तिचा जीव थोडा धास्तावलाही होता. सोनल पहिल्या रांगेत, अंगात आल्यासारखी नाचत होती.

मैदानावर पोचल्यावर निकाल लागला. सर्वोत्तम ढालीचं पहिलं बक्षीस पंचसरोवर मंडळाला. निवेदकानं परीक्षकांचा शेरा वाचून दाखवला: 'आपल्या पाच सरोवरांचा निळा रंग इतक्या प्रेमानं कुणी आजवर आणला नव्हता.' कार्यकारिणी मोटारीतून उतरून स्टेजकडे निघाली. स्टेज ट्रकच्या डाव्या अंगाला होतं. सहावं पाऊल टाकताना काकूंनी ढालीकडे पाहिलं आणि त्या जागच्या जागी थांबल्या. एक पाऊल मागे आल्या: जांभळी. एक पाऊल पुढे गेल्या: निळी. मागून काका त्यांच्यावर आदळले.

काकांनी ढाल पाहिली. मग सुजाताकडे पाहिलं. तिनं ठरावाची प्रत बरोबर आणली होती. ती तिनं पर्समधून काढली आणि पुढे केली. काकांनी ती वाचली. कागद सरळच धरला होता. एक सही त्यांचीच होती.

स्टेजवरून निवेदक मायक्रोफोन घेऊन वाट पाहत होता. "सर, व्हाय ब्लू?"

केळशीकर काकांनी फेटा सावरला. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. चांदीचा मोठा चषक उन्हात चमकत होता.

"फ्रॉम द व्हेरी बिगिनिंग," ते गहिवरून म्हणाले, "अवर हार्ट वॉज सेट ऑन ब्लू."

त्यानंतर आठ दिवसांच्या आत इतिवृत्त दुरुस्त करण्यात आलं. त्यात आता पहिल्याच सभेत निळा रंग एकमतानं मंजूर झाल्याची नोंद आहे, आणि सूचक म्हणून मृणालिनी दिवेकर यांचं नाव आहे. आभाराच्या परिच्छेदात 'सर्व ज्ञात-अज्ञात स्वयंसेवक' यांचा उल्लेख आहे.

पण स्टेजच्या पायथ्याशी त्या दुपारी आणखी एक गोष्ट घडली. स्थानिक साप्ताहिकाची बातमीदार मुलगी ढाल रंगवणारीला शोधत आली. तिनं सुजाताचा आणि सोनलचा ढालीपाशी फोटो काढला, वही उघडली आणि नाव विचारलं.

"सुजाता."

"लास्ट नेम?"

कार्यकारिणीच्या तिन्ही माना एकदम वळल्या. सिद्धेश बुटाची लेस बांधायच्या निमित्तानं दोन फूट जवळ सरकला. काकूंनी तर चषक खाली ठेवला. सुजातानं आडनाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, शांतपणे, अजिबात न चाचरता. नेमका त्याच वेळी स्कॉटिश क्लबचा बँड त्यांच्या अंगावरून वाजत गेला आणि तिघांना तिचे नुसते ओठ हलताना दिसले.

साप्ताहिक गुरुवारी येई. त्या गुरुवारी ट्रॉयमधल्या तीन घरांत माणसं सकाळीच अंगणात येऊन उभी राहिली. फोटो छान आला होता. खाली पूर्ण नाव होतं, आडनावासकट, स्पेलिंगही बरोबर. तिघांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि एकमेकांना फोन केले. कारण ते आडनाव असं निघालं की त्यावरून काहीच कळेना. सिद्धेशच्या ओळखीत त्या आडनावाचे लोक चार निरनिराळ्या समाजांत होते. काकांच्या बॅचमध्ये त्याच आडनावाचा एक जण होता आणि तो भलताच कुणीतरी होता.

दहा वाजता काकूंनी सुजाताला फोन केला. आधी अभिनंदन केलं. मग सोनलच्या नाचाचं कौतुक केलं. मग, दुधाचा विषय निघावा तितक्या सहजपणे, म्हणाल्या, "अगं हो, तुमचं मूळ गाव कुठलं गं?"

सुजातानं गावाचं नाव सांगितलं, तालुका सांगितला, नदीही सांगितली. काकूंनी सगळं लिहून घेतलं.

वाचकहो, ते आडनाव आणि ते गाव इथे दिलेलं नाही. विसरलं असंही नाही आणि जागा नव्हती असंही नाही. तुम्ही बेसमेंटमधल्या त्या पहिल्या शांततेपासूनच सुजाताला एक आडनाव लावून ठेवलं आहे. ते बरोबर असेलही. पण ते तुम्हाला लागलं कशाला, तेवढं सांगा.